दार बंद असेल तर फॉर्म कुणाचा?

*ताई, मी राज्यशास्त्रात एम.ए. करते आहे. सुट्टीत एका सर्वेक्षण संस्थेत फील्डवर काम धरलंय. मतदार यादीतून काढलेली नावं देतात, ते घर गाठायचं आणि टॅबवर प्रश्नावली भरून घ्यायची. निम्मी दारं बंद असतात. सुपरवायझर म्हणतात, ‘शेजारचं घर घे, नाहीतर बसल्याजागी भरून टाक. हजारात एका फॉर्मने काय आभाळ कोसळतं?’ परवा मी खरंच दोन फॉर्म बसस्टॉपवर बसून भरले. तेव्हापासून मन खातंय. घरी बाबा म्हणतात, ‘मला उभ्या जन्मात कुणी विचारलं नाही, सगळं मॅनेज असतं.’ वर्गात शिकवतात की जनमत हा लोकशाहीचा पाया आहे. मग खरं कोण? काम सोडू का? दुसऱ्या एका संस्थेचं ऑनलाइन सर्वेक्षणाचं कामही चालून आलंय. तिकडे जाऊ का?*
*– फील्डवरची एक*

प्रिय मुली,

आधी ते दोन फॉर्म निकालात काढू. आजच सुपरवायझरना मेसेज पाठव, तोंडी नको. फॉर्मचे नंबर दे आणि लिही, ‘घर बंद होतं, मुलाखत झालेली नाही, हे दोन्ही रद्द धरावेत.’ बस्स. लांबलचक खुलासा नको, रडगाणं तर नकोच. डेटा एकदा वर जाऊन बाकीच्यांत मिसळला की तुझे दोन शोधून काढणं अवघड होतं, म्हणून घाई कर. बोलणी बसतील कदाचित. बसू देत.

आता सुपरवायझरचा प्रश्न. हजारात एका फॉर्मने खरंच काही बिघडत नाही, एक दशांश टक्क्याचा मामला आहे. पण ही मुभा त्यांनी तुला एकटीलाच दिली असेल, असं तुला वाटतं का? त्यांच्या हाताखाली जितके जण आहेत त्या सगळ्यांना रोजचा आकडा पुरा करायचाय आणि सगळ्यांनाच बंद दारं भेटतायत. तूच लिहितेस की निम्मी दारं बंद असतात. म्हणजे निम्मं सर्वेक्षण बसस्टॉपवर होण्याची सोय झाली.

आणि त्या दोन फॉर्ममध्ये तू काय भरलंस ते आठव. यादीत नाव, वय, स्त्री की पुरुष एवढंच होतं. चौतिशीतला पुरुष दिसला की तू ‘सर्वांत मोठा प्रश्न: बेरोजगारी’वर बोट ठेवलंस, पासष्टीची बाई दिसली की ‘महागाई’. सरकारच्या कामाबद्दल ‘काही प्रमाणात समाधानी’, कारण मधला पर्याय सुरक्षित वाटतो. सगळी उत्तरं एकमेकांना कशी छान धरून. खरा माणूस असा बोलत नाही. तो सरकारवर भडकलेला असतो आणि मत पुन्हा त्याच पक्षाला देणार असतो. कर कमी करा म्हणतो आणि पुढच्याच प्रश्नाला दवाखाने वाढवा म्हणतो. ही विसंगती टिपायलाच तर तुला उन्हातून पाठवलेलं आहे. बसून भरलेल्या फॉर्ममध्ये लोकांबद्दलचे तुझे समज तेवढे उतरतात, तेही दुसऱ्याच्या नावावर. नीट चालवलेल्या संस्थांना हे ठाऊक असतं. म्हणून फॉर्म किती मिनिटांत भरला, कुठल्या जागेवर भरला हे टॅब गुपचूप नोंदवतो, मधल्या काही प्रश्नांचं रेकॉर्डिंग होतं आणि नंतर बॅक-चेकवाला फोन करून विचारतो, ‘आमच्याकडून कुणी आलं होतं का हो?’ तुझ्या संस्थेत यातलं काहीच नसेल तर त्यांना काय हवंय तेही कळलंच.

‘शेजारचं घर घे’ हा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो, मला मात्र तो जास्त धोक्याचा वाटतो. कारण त्यात खोटं काहीच नाही. माणूस खरा, उत्तरं खरी. पण दुपारी दोन वाजता ज्याचं दार उघडं आहे आणि ज्याच्या दाराला कुलूप आहे, ही दोन वेगळ्या प्रकारची माणसं आहेत. कुलूपवाला कामावर गेलाय, शिफ्टला गेलाय, दुसऱ्या शहरात पोट भरायला गेलाय. प्रत्येक कुलपाच्या जागी घरात असलेला शेजारी घेत गेलीस, तर तुझ्या नमुन्यात निवृत्त मंडळी आणि घर सांभाळणाऱ्या बायका साठत जातील आणि राबणारे हळूच गळून जातील. संख्या पुरी, देश अपुरा.

या धंद्यातली सगळ्यात गाजलेली फजिती याच कारणाने झाली. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन अशी लढत होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने त्याआधीच्या अनेक निवडणुकांचे अंदाज बरोबर दिले होते, त्यामुळे त्याचा दबदबा होता. त्यांनी सुमारे १ कोटी नमुना-मतपत्रिका टपालाने पाठवल्या. जवळपास २३ लाख भरून परत आल्या. तुझ्या हजाराशी तुलना करून बघ! हिशेब निघाला की लँडनना सुमारे ५७ टक्के मतं पडणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना ६१ टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी घेतली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

पाठ्यपुस्तकात याचं कारण एका ओळीत मिळतं: पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते आणि महामंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी खिसा भरलेल्यांकडेच होत्या. ते खरंच आहे. पण पुढच्या अभ्यासांतून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी तुझ्या कामाची आहे. ज्यांना मतपत्रिका पोचली होती त्यांच्यातही रूझवेल्टचे समर्थक कमी नव्हते. त्यांनी ती भरून परत पाठवली नाही, एवढंच. लँडनवाले चिडलेले होते, त्यांना बोलायचं होतं. म्हणजे यादी चुकली होती आणि त्यावर कडी म्हणजे गप्प बसलेल्यांना कुणी मोजलं नव्हतं. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप नावाच्या तरुणाने सुमारे ५० हजार लोकांच्या जोरावर रूझवेल्ट जिंकणार असं सांगितलं आणि त्याचं नाव झालं. (गॅलपचाही आकडा पाचेक टक्क्यांनी चुकला होता. पण बाजू बरोबर निघाली की टक्के कोण बघतो!)

गॅलपचीही पाळी आली. १९४८ साली गॅलप, रोपर आणि क्रॉसली या तिन्ही नावाजलेल्या चाचणीकारांनी थॉमस ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलं आणि जिंकले हॅरी ट्रुमन. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने तर ड्यूई जिंकल्याचा मथळा छापूनही टाकला होता. तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रुमनचा फोटो तू पाहिला असशील. चाचण्या लवकर थांबवल्या हे एक कारण. दुसरं म्हणजे कोटा पद्धत: इतके पुरुष, इतक्या बायका, इतके या वयाचे, असा आकडा मुलाखतकाराला द्यायचा आणि माणूस त्याने आपल्या मनाने निवडायचा. मनाने निवडायची मुभा मिळाली की कुणीही बोलायला बरा, घर सापडायला सोपं, कुत्रं अंगावर न सोडणारा असाच माणूस निवडतो. तूही निवडशील, मीही. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात निवडीचा अधिकार मुलाखतकाराकडून काढून घेतात. नाव यादीतून येतं. यादी नसेल तर घर ठरावीक अंतराने येतं, आणि घरातही जो दार उघडेल त्याला विचारायचं नसतं. ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आहे त्याला विचारा, अशा काही नियमाने माणूस ठरतो. हे नियम तुला छळायला केलेले नाहीत.

तेव्हा बंद दाराचं करायचं असं. पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी: एकदा सकाळी लवकर, एकदा संध्याकाळी, एकदा सुट्टीच्या दिवशी. तरीही भेट झाली नाही तर तसं नोंदवायचं. ‘घर बंद’, ‘नकार’, ‘स्थलांतरित’ हे शेरे तुला अपयश वाटत असतील, पण आकडेवारी सांभाळणाऱ्याला ते सोन्यासारखे असतात. कोण हाती लागलं नाही हे कळलं की भारांकन करता येतं. समज, लोकसंख्येत तरुण ३० टक्के आहेत आणि नमुन्यात २० टक्केच सापडले, तर प्रत्येक तरुणाचं उत्तर दीडपट धरायचं. ही मलमपट्टी आहे, तिला मर्यादा आहेत. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत अनेक राज्यांतल्या चाचण्यांनी शिक्षणाप्रमाणे भारांकन केलेलं नव्हतं. पदवीधर माणसं सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात, तिथे त्यांचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे होता आणि अंदाज त्या बाजूला सरकला. आणि जे भेटले नाहीत त्यांच्या जागी तू खोटे फॉर्म भरलेस, तर भारांकन करणाऱ्याला वाटणार की सगळे भेटले. आजाराची खूणच पुसल्यासारखं झालं.

लोक भेटेनासे झालेत ही रड फक्त तुझी नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या फोनवरच्या सर्वेक्षणांना १९९७ साली शंभरातली ३६ माणसं प्रतिसाद देत, २०१८पर्यंत ६ उरली. तरी अशा सर्वेक्षणांचे बरेचसे निष्कर्ष ठीक निघतात, कारण न बोलणारे सगळ्याच विषयांत बोलणाऱ्यांपेक्षा वेगळे नसतात. कुठल्या विषयात ते वेगळे आहेत, हे मात्र आधी कळत नाही.

आता बाबा. त्यांना एक हिशेब सांग. पन्नास कोटी मतदारांचा देश धर, तिथे दर महिन्याला दोन हजार जणांचं सर्वेक्षण होतं. म्हणजे वर्षाला २४ हजार. या वेगाने प्रत्येकाचा एकेकदा नंबर लागायला वीस हजार वर्षांहून जास्त लागतील. त्यांना अजून कुणी विचारलं नाही यात कट वगैरे काही नाही.

पुढे ते म्हणतील, मग दोन हजारांत पन्नास कोटी कळतात कसे? शितावरून भाताची परीक्षा, असं आपण चटकन म्हणतो. पण ते जमतं कारण सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. म्हणून शीत कुठून उचललं याला सगळं महत्त्व. प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल तर १००० माणसांच्या नमुन्यातला आकडा शंभरात ९५ वेळा खऱ्या आकड्यापासून साधारण ३ टक्क्यांच्या आत राहतो. देश पाच कोटींचा असो की पन्नास कोटींचा, त्याने फारसा फरक पडत नाही. ती तफावत निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणून कुणी उगाच लाखांच्या मागे लागत नाही. मात्र हे ३ टक्के म्हणजे फक्त चिठ्ठी कुणाची निघाली, एवढ्या नशिबाचा हिशेब. बंद दारं, वाकडा प्रश्न, भीतीने दिलेलं उत्तर यांतलं काही त्यात धरलेलं नसतं. आणि वर्तमानपत्रात ‘अमुक दोन टक्क्यांनी आघाडीवर’ असं येतं तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही. दोघांच्या आकड्यांतल्या फरकाची मर्यादा एकेका आकड्याच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट असते. हजारांच्या नमुन्यात दोन टक्क्यांची आघाडी म्हणजे बरोबरीच.

एक्झिट पोलवर मी फार शब्द खर्च करणार नाही. २००४ला ते चुकले. २०२४ला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं आणि जागा आल्या २९३. तिथे मताच्या टक्केवारीवरून जागा काढायच्या असतात आणि तो दुसराच जुगार आहे. २०१५ला ब्रिटनमध्ये एका पक्षाला सुमारे १२.६ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाली एक! मतं किती हे अगदी बरोबर मोजूनही जागा चुकू शकतात. बाबांना एवढंच सांग की निवडणुकीचा अंदाज हा जनमत मोजण्याचा सगळ्यात गाजणारा प्रकार आहे, सगळ्यात महत्त्वाचा नाही. (पुढे कधी एक्झिट पोलचं काम घेतलंस तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६अ वाचून ठेव. पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचं संपून अर्धा तास होईपर्यंत काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. तोवर तुझे आकडे फोनवरून मैत्रिणींना फिरवायचे नाहीत.)

मला जास्त बोलायचंय ते दारात उभं राहून विचारण्याबद्दल, कारण जनमत तिथे मोजलं जातं आणि पुष्कळदा तिथेच तयारही होतं.

१९४०च्या सुमारास अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. एका गटाला विचारलं, लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. तशाच दुसऱ्या गटाला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का? तर ‘घालावी’ म्हणणारे ४६ टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांत व्यवहारात फरक काय? पण ‘बंदी’ हा शब्द तोंडात कडू लागतो. सोळा टक्के माणसं एका शब्दाने इकडची तिकडे गेली. तेव्हा प्रश्न जसा छापलाय तसाच वाच. समोरच्याला समजावं म्हणून आपल्या शब्दांत सांगण्याचा मोह होतो, मला कळतं. पण तू ‘म्हणजे सरकार चुकतंय का?’ असा एक शेपटीवजा प्रश्न जोडलास की उत्तर तुझं झालं.

दुसरा प्रयोग आणखी बोलका आहे. संशोधकांनी अमेरिकेत अस्तित्वातच नसलेल्या ‘१९७५च्या सार्वजनिक व्यवहार कायद्या’बद्दल लोकांना मत विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी ते बिनदिक्कत दिलं. ते खोटारडे होते असं नाही. दारात टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलीसमोर ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाज वाटते, इतकं साधं आहे ते. म्हणून ‘सांगता येत नाही’ हा पर्याय तू मनापासून खुला ठेव. तो आला की भुवया उंचावू नकोस, ‘तरीपण, काहीतरी सांगा ना’ म्हणू नकोस. ‘सांगता येत नाही’ म्हणणारे चाळीस टक्के असतील, तर त्या विषयावर देशाचं मत अजून बनलेलंच नाही, ही बातमीच आहे.

आणि भोवती कोण उभं आहे ते बघ. सासरे पलंगावर बसून ऐकत असतील तर सून काय सांगणार? गल्लीतला कार्यकर्ता खांद्यावरून डोकावत असेल तर कुणीही काय सांगणार? जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली मांडलं की आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प होत जातो, त्यामुळे ते मत आणखीच दुर्मीळ भासतं, आणि आणखी लोक गप्प होतात. ब्रिटनमध्ये १९९२ला शेवटच्या चाचण्यांत दोन्ही मोठे पक्ष जवळपास बरोबरीत होते. मतमोजणीत हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे निघाला. त्या पक्षाला मत देणार हे सांगायला लोक बिचकत होते, हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं. आपल्याकडे सीएसडीएस या दिल्लीतल्या संशोधन संस्थेच्या ‘लोकनीती’ या विभागाच्या अभ्यासांत यावर साधीशी युक्ती वापरतात. मत कुणाला, हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. चिन्हं छापलेली नमुना-मतपत्रिका हातात देतात, माणूस खूण करतो, घडी घालतो आणि छोट्या पेटीत टाकतो. टॅबच्या कामात पेटी नसते. पण त्या एका प्रश्नाला टॅब उत्तर देणाऱ्याच्या हातात देऊन दोन पावलं मागे सरकता येतं. परवानगी आहे का विचार.

जिथे बोलल्याची शिक्षा होते तिथे तर सर्वेक्षणाचा आकडा बहुतेक वेळा भीतीचाच असतो. हुकूमशहाला ८५ टक्के पाठिंबा आहे असं वाचलंस तर आधी हे आठव.

आता तुझ्या वर्गातला प्रश्न. जनमत लोकशाहीचा पाया असं शिकवतात, असेल. मी जरा खालच्या पट्टीत बोलेन. मतदान दर पाच वर्षांनी होतं आणि त्यातून कोण हे कळतं, का ते कळत नाही. एखाद्याने पेन्शनसाठी मत दिलं, दुसऱ्याने उमेदवार ओळखीचा म्हणून, तिसऱ्याने आधीच्याला धडा शिकवायला. जिंकलेला मात्र म्हणतो, जनतेने माझ्या प्रत्येक धोरणाला कौल दिला. त्याला ‘थांबा, लोक तसं म्हणत नाहीत’ असं पुराव्यानिशी सांगायचं साधन सर्वेक्षणाशिवाय फारसं नाही. सर्वेक्षणं नव्हती तेव्हाही नेत्यांना जनमताचा अंदाज घ्यावा लागेच. तो सभेच्या गर्दीवरून, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांवरून, दारी येणाऱ्या शिष्टमंडळांवरून घेत. म्हणजे ज्याच्याकडे वेळ, पैसा, ओळख किंवा घसा आहे त्याचं मत ते जनमत. सिडनी व्हर्बा या राज्यशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात नेमका हा मुद्दा मांडला. मोर्चे, देणग्या, पत्रं या सगळ्यांत सुखवस्तू आणि शिकलेले लोक जास्त असतात. नमुना सर्वेक्षण हा असा एक मार्ग आहे, जिथे गप्प बसणाऱ्यालाही विचारलं जाण्याची तितकीच संधी मिळते. तुझं बंद दार यासाठी महत्त्वाचं आहे. ज्याच्याकडे मोर्चाला जायला वेळ नाही, तोच दुपारी घरात सापडत नाही.

दुसरी बाजूही वाच, परीक्षेत उपयोगी पडेल. पिएर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ठणकावून सांगितलं की सर्वेक्षणवाले ज्याला जनमत म्हणतात ते अस्तित्वातच नाही. प्रत्येकाला प्रत्येक विषयावर मत असतं, सगळ्या मतांचं वजन सारखं असतं आणि हेच प्रश्न विचारण्याजोगे आहेत यावर सगळ्यांचं एकमत आहे, ही तिन्ही गृहीतकं त्याने मोडीत काढली. तिसरा मुद्दा मला फार पटतो. प्रश्न पैसे देणारा ठरवतो. तुझ्या प्रश्नावलीत कुठला प्रश्न नाही, याचा विचार फिरताना करत जा. लोक दारात तुला ज्याबद्दल आपणहून सांगतात आणि ज्याला टॅबमध्ये जागा नाही, ते वहीत टिपून ठेव. तुझ्या प्रबंधाचा विषय तिथे सापडण्याची शक्यता वर्गापेक्षा जास्त आहे.

मग नेत्याने सर्वेक्षण सांगेल तसं वागावं का? नाही. एडमंड बर्क हा ब्रिटिश राजकारणी १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना म्हणाला होता की तुमचा प्रतिनिधी तुम्हाला कष्टांइतकीच आपली विवेकबुद्धीही देणं लागतो. (१७८०ला पराभव दिसू लागला तेव्हा त्याला तिथून माघार घ्यावी लागली. विवेकाची किंमत मतदार अशी वसूल करतात.) ब्रिटनच्या संसदेने १९६५ला खुनासाठीची फाशी स्थगित केली तेव्हा बहुसंख्य लोक फाशीच्या बाजूने होते, आणि पुढची कित्येक दशकं राहिले. अमेरिकेत १९५८ला गॅलपने गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाबद्दल विचारलं, तेव्हा मान्यता देणारे होते ४ टक्के. १९६७ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे विवाह रोखणारे कायदे रद्द केले ते टक्केवारी बघून नाही. २०२१ला हाच आकडा ९४ टक्क्यांवर पोचला होता. कुणाचे हक्क काय, हा प्रश्न बहुमताच्या हाती सोपवता येत नाही. पण रस्ता आधी की शाळा आधी, नवी योजना लोकांपर्यंत पोचली की कागदावर राहिली, इथे लोकांना विचारल्यावाचून चालत नाही.

मत घाईत विचारलं की घाईचं मिळतं, या अडचणीवरही काहींनी काम केलंय. अमेरिकेचे जेम्स फिशकिन यांनी अशी पद्धत काढली की यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, निवडलेल्या लोकांना एकत्र बसवायचं, दोन्ही बाजूंची माहिती द्यायची, तज्ज्ञांना प्रश्न विचारू द्यायचे, आपसात बोलू द्यायचं आणि मग मत घ्यायचं. आयर्लंडने २०१६पासून ९९ सामान्य नागरिकांची अशीच सभा भरवून गर्भपाताचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. राजकारणी त्या विषयाला हात लावायला धजत नव्हते. सभेने बंदी उठवण्याच्या बाजूने शिफारस केली आणि २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी बदलाला होकार दिला. हे वाचून मला वाटलं की लोकांना पोरकट समजणारे बहुतेक जण त्यांना विचारायलाच गेलेले नसतात.

काम सोडू का, विचारतेस. लगेच नको. आधी सुपरवायझरना विचार की बंद घराचा लेखी नियम काय आहे, किती फेऱ्या, आणि ‘भेट नाही’चा शेरा दिला तर तो दिवसाच्या हजेरीत धरणार का. पैसे फक्त भरलेल्या फॉर्मवर मिळत असतील तर खोट्याची मेख तिथेच आहे, आणि ते तुझ्या एकटीच्या सचोटीने सुटणार नाही. दोघी-चौघी मिळून फेरीवर पैसे मागा. उत्तर उडवाउडवीचं आलं किंवा ‘भर गं गपचूप’ असं आलं, तर झालेल्या कामाचे पैसे हातात पडेपर्यंत थांब आणि मग बाहेर पड.

ऑनलाइनच्या कामाबद्दल सरसकट हो किंवा नाही म्हणता येणार नाही. तिकडे बंद दारं दिसत नाहीत, असतात मात्र नक्की. लिंक समाजमाध्यमांवर टाकून ‘ज्याला वाटेल त्याने भरा’ असा प्रकार असेल तर तो १९३६च्या मतपत्रिकांचाच नवा अवतार आहे, लाखो उत्तरं आली तरी. तेच जर लोकांना यादृच्छिक पद्धतीने निवडून, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांची सोय करून, ठरावीक गटाला पुन्हा पुन्हा विचारत असतील तर काम शिकण्यासारखं आहे. भेटायला जाशील तेव्हा चार गोष्टी विचार: माणसं कशी निवडता, पैसे कुणाचे, पूर्ण प्रश्नावली जाहीर करता का, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची संख्या छापता का. प्रश्नावली आधी वाचायला माग. ‘अमुक उमेदवारावर भ्रष्टाचाराचे आरोप आहेत हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का?’ अशा धाटणीचे प्रश्न दिसले तर ते सर्वेक्षण नसून प्रचार आहे. त्याला पुश पोल म्हणतात, आणि त्यात तुला माणसांची मतं विचारायला नाही, बदलायला पाठवतायत. तसं काही निघालं तर पगार कितीही असला तरी परत ये.

तुझी,
ताई